कोमट तेलाचा थेंब

१

गॅरेजच्या दारावरची पाटी गेली होती.

थोरलीला ते वळणावरूनच दिसलं. दाराच्या वर खिळ्यांची चार भोकं आणि मध्ये उन्हानं न रापलेला भिंतीचा फिकट चौकोन, चष्मा काढल्यावर नाकावर खूण राहते तसा. पस्तीस वर्षं तिथे निळा पत्रा होता आणि त्यावर आईच्या हातची पांढरी अक्षरं: ‘ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं काम. सावकाश, पण एकदाच.’ आईला जाऊन सहा वर्षं झाली, तरी थोरली या वळणावर आली की मान आपोआप वर व्हायची. आज वर झालेली मान तशीच राहिली.

धाकट्यानं सकाळी फोनवर एवढंच सांगितलं होतं, “ताई, ये. बाबा बोलत नाहीयेत.”

थोरली विमा कंपनीत होती. चेपलेल्या, जळालेल्या, दरीतून वर ओढलेल्या गाड्यांसमोर उभं राहून खरं काय घडलं ते सांगायचं, हे तिचं काम. माणसं बोलताना हातचं राखतात, लोखंड राखत नाही, असं ती म्हणायची. आणि हे शिकवलं कोणी, असं कोणी विचारलं की अभिमानानं सांगायची, “आमच्या बाबांनी. गाडीखाली झोपून.”

ती आत शिरली. मधोमध कामाचा लांब खड्डा होता; मिस्त्रीनं त्यात उतरायचं आणि वर उभ्या असलेल्या गाडीचं पोट तपासायचं. खड्ड्यावर एक पांढरी गाडी उभी होती. कडेला पाणी साचलं होतं, ते ओलांडून ती पुढे गेली आणि थबकली.

बाबा स्टुलावर बसले होते. दोन्ही हात गुडघ्यांवर. सकाळचे दहा वाजले होते आणि बाबांचे हात स्वच्छ होते.

दहा वाजता हे हात कोपरापर्यंत काळे असायचे.

“बाबा, पाटी कोणी नेली?”

“नेली कोणी नाही. मीच उतरवली.”

“का?”

बाबांनी मान वर केली. डाव्या डोळ्यातलं नवं भिंग उजेडात चमकलं.

“तिच्यावर खोटं लिहिलंय म्हणून.”

२

त्यांना बोलतं करायला तिला अर्धा तास लागला. चहाचा कप हातात दिला, शेजारी फळीवर बसली आणि गप्प राहिली. साक्षीदाराला घाई करायची नसते.

“तिसरी गाडी परत आली, पोरी,” शेवटी बाबाच म्हणाले. “पस्तीस वर्षांत माझ्या हातची एक परत आली नव्हती. आता दोन महिन्यांत तीन. ही नर्सबाईंची. टेकडीवर राहणाऱ्या आजाऱ्यांकडे जातात ना, त्या. गाडी दम खात होती, धक्के देत होती, म्हणून आणली. गिअरबॉक्सचं तेल काढलं तर कोळशासारखं काळं. नवीन घातलं. इथल्या रस्त्यावर चालवून बघितली, लोण्यासारखी चालली. आणि काल त्या टेकडीच्या चढावर अडकल्या. इंजिन ओरडतंय आणि गाडी जागची हलत नाही.”

थोरलीला पुढचं सांगायला नको होतं. ऑटोमॅटिक गिअरबॉक्समध्ये तेल म्हणजे नुसतं वंगण नव्हे. इंजिनाचा जोर चाकांपर्यंत पोचवायचा तर तो तेलाच्याच अंगावरून जातो. तेल जळलं, चुकीचं पडलं किंवा कमी पडलं, की इंजिन कितीही ओरडो, चाकं ऐकत नाहीत.

“आधीच्या दोन गाड्यांचंही असंच?”

“अगदी असंच. पुन्हा हात लावायचा धीर झाला नाही, तशाच घरी पाठवल्या.”

“डोळ्याच्या ऑपरेशननंतर एकूण किती गिअरबॉक्स केलेत?”

“पाच. तीन परत आले. दोन नीट आहेत, ते नशिबानं.” बाबा हसले, पण ते हसू ओठांवरच संपलं. “माझं संपलंय गं. डॉक्टर म्हणाले होते, नवीन भिंगाला थोडे दिवस द्या, रंग भडक दिसतील, सगळं वेगळं वाटेल. दिवस दिले. तरी ही फरशी मला काल केल्यासारखी लाल दिसते. गाडी खड्ड्यावर चढवली की नाक खाली घालून रुसल्यासारखी दिसते. आणि डोळ्यांचंच काय घेऊन बसलीस? परवा तेलाचा उरलेला डबा फळीवर ठेवायला उचलला, तोसुद्धा जड लागला. हातातलं बळ गेलं. अशा हातांनी लोकांच्या गाड्यांत काय घालतोय, काय विसरतोय, कोण सांगणार?”

खिशातून रुमाल काढताना त्यांच्या खिशातला एक नट खाली पडला. टणटण दोनदा उडाला आणि थोरलीच्या चपलेशी निमूट बसला. तिनं तो उचलून त्यांच्या तळहातावर ठेवला.

“आता काय ठरवलंय?”

“पाच वाजता नर्सबाई येतील. गाडी शहरातल्या मोठ्या वर्कशॉपात न्या, असं त्यांना सांगणार. चूक माझी होती, हेही सांगणार. मग हे पाने धाकट्याच्या हवाली. त्याला वायरिंगचं येतं, त्यानं तेच करावं. गिअरबॉक्सचं काम या दारात बंद.”

थोरलीनं घड्याळाकडे बघितलं. साडेदहा.

“मला पाच वाजेपर्यंत वेळ द्या, बाबा. तोवर या गाडीला कोणी हात लावायचा नाही.”

“काय शोधणार आहेस?”

“खोटं कोण बोलतंय ते. पाटी तर नक्कीच नाही.”

३

तेलवाले काका रस्त्यापलीकडच्या दुकानात बसत. बाबांचे जुने स्नेही, आवाज मोठा, पोट त्याहून मोठं. थोरलीनं तेलाचा विषय काढला मात्र, काका खुर्चीतून उठलेच.

“म्हणजे आता माझ्या तेलात खोट? लहानपणी तुला याच काउंटरवर बसवून गोळ्या दिल्या गं मी!”

“काका, गोळ्यांबद्दल तक्रार नाही. तेलाबद्दल विचारतेय.”

“विचार ना! एकाच खोक्यातले पाच डबे तुझ्या बाबानं नेले. माझ्यासमोर सील फोडून वास घेऊन नेले, तो काय सोडतो होय? त्यातला एक टॅक्सीवाल्याच्या गाडीत गेला, एक बेकरीवालीच्या. जा, विचार त्यांना. टॅक्सीवाला तर येता-जाता हॉर्न वाजवून मला सलाम करतो. तेल नासकं असतं तर पाचही गाड्या बसल्या असत्या. तीनच कशा बसल्या?”

थोरली दारातच थांबली. रागाच्या भरात काकांनी लाख मोलाचं बोलून ठेवलं होतं.

“टॅक्सी आणि बेकरीवालीची गाडी, दोन्ही जुन्या, नाही का? तेल मोजायची दांडी असलेल्या?”

“दांडीवाल्याच. बाकीच्या तीन नव्या घडणीच्या. त्यांना दांडी नसते, खाली बूच असतं.” काकांचा आवाज खाली आला. “का गं? त्यानं काय होतं?”

“अजून माहीत नाही,” ती म्हणाली, आणि ते खरं होतं.

नर्सबाई दवाखान्याच्या मागच्या दारी सापडल्या, औषधांची पिशवी भरताना. चाळिशीच्या, उंच, केसांत पेन खोचलेलं. त्या चिडलेल्या असतील असं थोरलीला वाटलं होतं. त्या काळजीत होत्या.

“तुमच्या वडिलांना म्हणावं, मनाला लावून घेऊ नका. पण मला गाडी हवीय हो. टेकडीवर माझे सात पेशंट आहेत. त्यातल्या एका आजोबांना रोज इंजेक्शन. काल मी गाडी चढावर सोडून पायी गेले.”

“गाडी नेमकी कुठे दगा देते?”

“चढावर. आणि मोठ्या वळणावर जराशी. सपाटीला सोन्यासारखी. उलट आधीचे धक्के पार गेले.”

“जळका वास? गॅरेजमधून आणल्यावर खाली तेलाचा डाग?”

“दोन्ही नाही. घरासमोरची फरशी पांढरी आहे, डाग पडला असता तर पहिल्यांदा मीच ओरडले असते.”

परत येताना थोरली वाटभर मनाशी बोलत होती. धक्के गेले, म्हणजे तेल योग्य जातीचं. डाग नाही, म्हणजे गळती नाही. सपाटीला चालते आणि चढावर, वळणावर, तेल एका बाजूला सरकलं की सुटते. मग एकच उरतं. तेल कमी आहे.

गॅरेजच्या मागच्या फळीवर बाबांचा एक नेम जपलेला होता. गाडीत घालून उरलेलं तेल गिऱ्हाइकाचं. त्याच्या डब्यावर खडूनं गाडीची खूण करून ठेवायचं, पुढच्या वेळी त्यालाच परत द्यायचं. परत आलेल्या तीन गाड्यांचे डबे ओळीनं उभे होते. नर्सबाईंचा डबा तिनं उचलला. चार लिटरचा डबा. या जातीच्या गाडीला साडेतीन लागतं, हे तिला पाढ्यांसारखं पाठ होतं. अर्धा लिटर उरायला हवं.

डबा जड होता. खरंच जड होता. मापात ओतून बघितलं तर एक लिटरच्याही वर. दुसरा डबा, तोच प्रकार. तिसराही.

म्हणजे तीनही गाड्यांनी सारखंच कमी तेल घेतलं होतं. विसराळू माणूस एकदा इतकं विसरेल, एकदा तितकं. तीनदा मोजून-मापून सारखंच कोण विसरतं?

तेवढ्यात पत्र्याच्या आडोशापलीकडून धाकट्याचा दबका आवाज आला. तो फोनवर होता.

“आज नको. अजिबात येऊ नका. ताई आलीये... नाही, बाबांना अजून काही माहीत नाही. त्यांना कळलं तर संपलंच.”

४

थोरली जागची हलली नाही. धाकटा फोन खिशात टाकून वळला आणि तिला बघून त्याच्या चेहऱ्यावरचा रंग उडाला.

“कोण होतं?”

“कोणी नाही. गिऱ्हाईक.”

“गिऱ्हाइकाला येऊ नका म्हणायला कधीपासून लागलास?”

“ताई, तू इथे अपघाताची चौकशी करायला आलीयेस का?”

“हो,” ती म्हणाली. “अपघातच झालाय. बाबांचा.”

तो खाली बघत राहिला. थोरलीनंही बघितलं. त्याच्या कोपऱ्यात वायरींच्या भेंडोळ्यांमागे एक घमेलं होतं, कडांना राखाडी पापुद्रा वाळलेला. शेजारी लाल रंगाचा अर्धा डबा. त्याला हे सगळं कशाला लागतं? वायरिंगवाल्याच्या कोपऱ्यात?

मनात नको ते आलंच. धाकट्याला नवीन यंत्रं आणायची होती, त्यावरून बाप-लेकात वर्षभर कुरबुर होती. गिअरबॉक्सचं काम बंद झालं तर सगळी जागा मोकळी. बापाच्या कामात मुद्दाम... नाही. हे पोर तिच्या कडेवर वाढलं होतं. पण कामात ती कडेवरच्यांनाही सोडत नसे.

“खड्ड्याशी तू काही केलंस?”

“गिअरबॉक्सला मी हात लावत नाही, तुला माहितीये. शपथ.” त्याचे डोळे भरले. “आणखी काही विचारू नकोस. बाबांच्या भल्यासाठीच आहे.”

त्याच्या डोळ्यांत तिला भीती दिसली, लबाडी दिसली नाही. तिनं त्याला तिथेच सोडलं आणि खड्ड्यात उतरली.

वर पांढऱ्या गाडीचं पोट. मागच्या चाकांखाली दोन लाकडी ठोकळे, चार बोटं जाडीचे, तेलानं काळे होऊन गुळगुळीत झालेले. आईनं जुन्या दाराच्या चौकटीतून कापले होते. बूच असलेली गाडी खड्ड्यावर आली की ते मागच्या चाकांखाली सरकवायचं काम लहानपणी थोरलीचं. ती ठोकळे लावायची, बाबा आत उतरायचे आणि आई पलीकडे बसून बाबांना चिडवायला स्वतःच रचलेलं गायची. जात्यावरच्या ओव्यांच्या चालीवर, गिअरबॉक्सच्या तेलाचं गाणं!

थोरलीच्या ओठांवर ते आपसूक आलं.

*गाडी निजू दे सपाट, जसं परातीत पाणी*
*इंजिनाच्या ओठांवर मंद असू देत गाणी*
*तेल हाताला कोमट, मग बूच गं सोडावं*
*एक थेंब डोकावता पुन्हा घट्ट आवळावं*

सगळी रीत चार ओळींत. गाडी सपाट हवी, इंजिन चालू हवं, तेल कोमट हवं. मग खालचं बूच उघडायचं आणि पंपानं तेल चढवत राहायचं. बुचातून थेंब डोकावला की गिअरबॉक्स भरला. तिथेच थांबायचं.

पहिल्या ओळीशी ती अडखळली. पुन्हा म्हणाली. *जसं परातीत पाणी.*

मघाशी ओलांडलेलं ते पाणी! सकाळचं साचलेलं, अजून तिथेच होतं.

ती झटकन वर आली. लहानपणी याच फरशीवर तिनं कागदाच्या होड्या सोडल्या होत्या. बादली ओतली की होडी दाराकडे पळायची, बाहेरच्या गटाराच्या जाळीला जाऊन अडकायची. बाबांच्या हातून पडलेला प्रत्येक नट घरंगळत त्याच जाळीत जायचा आणि ‘जा गं, नट आण’ म्हणून ती धावायची. आज सकाळी नट पडला. तिच्या पायाशी बसून राहिला.

“बाबा!” तिनं हाक मारली. “पाच वाजायची वाट बघायला नको. सगळ्यांना बोलवा.”

५

तीन वाजता गॅरेजमध्ये पाच माणसं होती. बाबा स्टुलावर. तेलवाले काका दाराशी, कमरेवर हात. नर्सबाई पिशवी घेऊन. धाकटा भिंतीला टेकून, आणि भिंतीनं गिळलं तर बरं अशा चेहऱ्यानं.

थोरलीनं बादलीतलं पाणी फरशीवर ओतलं.

पाणी पसरलं. गोल, शांत, सगळीकडे सारखं. दाराकडे गेलं नाही.

“जाळी तुंबली असेल,” बाबा म्हणाले.

“जाळी दाराबाहेर आहे, बाबा. पाणी तिथवर पोचलंच नाही, मग तुंबेल कशी?” तिनं फळीवरचा एक नट घेऊन खाली सोडला. सगळ्यांनी बघितलं. नट जिथे पडला तिथे थांबला. “आईनं ही फरशी मुद्दाम उतरती करून घेतली होती. धुतल्यावर पाणी आपलं आपण बाहेर जावं म्हणून. दाराकडे उतार. गाडी आत यायची तोंड पुढे करून, म्हणजे तिचा मागचा भाग दाराकडे, उताराच्या बाजूला. मागून खाली. तेल भरताना गाडी सपाट हवी. म्हणून आईनं मोजून ठोकळे कापले. मागची चाकं चार बोटं उचलायची, की गाडी पाण्यासारखी सपाट. बरोबर?”

बाबा हळूच उभे राहिले.

“आता फरशी सपाट आहे,” थोरली म्हणाली, “आणि ठोकळे तेच आहेत. गाडी मागून उंच, नाकानं खाली. आत तेल पुढे धावतं. या जातीच्या गिअरबॉक्सचं बूच पुढच्या अंगाला. भरायच्या आधीच तिथून थेंब डोकावतो. माणूस म्हणतो, भरला. अर्ध्या लिटरच्या वर जास्तीचं तेल डब्यातच राहतं. तीन गाड्या, तीन डबे, सारखीच शिल्लक. टॅक्सी आणि बेकरीवालीची गाडी वाचल्या, कारण दांडीवाल्या गाडीचं तेल तुम्ही चक्कर मारून आल्यावर बाहेरच्या रस्त्यावर बघता. त्यांच्याखाली ठोकळे येतच नाहीत.”

“पण फरशी सपाट केली कोणी?” काकांनी विचारलं.

मग भिंतीपाशी कोणीतरी नाक ओढलं.

“मी केली,” धाकटा म्हणाला. “बाबा ऑपरेशनसाठी दहा दिवस घरी होते तेव्हा. ओल्या उतारावर ते दोनदा घसरले होते, ताई. एका डोळ्याला पट्टी, त्यात ही घसरगुंडी. पण त्यांना विचारलं असतं तर ‘तुझ्या आईच्या फरशीला हात लावायचा नाही’ म्हणाले असते. गवंड्याला आणून करून घेतली. रंग तोच मिळवला. पाणी जायला पन्हळ तेवढी राहिलीये, तो तीच करायला येणार होता. सगळं झालं की सांगणार होतो. मग गाड्या परत यायला लागल्या, बाबा खचले. त्यात आईची फरशी फोडली म्हणून कसं सांगू?”

“आणि ठोकळे?”

“मला वाटायचं, गाडी घरंगळू नये म्हणून लावतात.” त्याचा आवाज फुटला. “कोणी सांगितलंच नव्हतं. ते काम तुझं होतं.”

खरंच होतं. थोरली नोकरीला लागल्यावर ठोकळे बाबांच्या पायाशी राहिले आणि त्यांचं कारण फक्त बाबांच्या डोक्यात.

बाबा फरशीवर उकिडवे बसले होते. तळहात लाल सिमेंटवरून फिरवत होते.

“म्हणजे फरशी खरंच नवीन आहे,” ते म्हणाले.

“हो.”

“आणि गाडी खरंच नाक खाली घालून उभी होती.”

“हो, बाबा. आणि डबा खरंच जड होता. दोन महिने तुमचे डोळे खरं सांगत होते, हात खरं सांगत होते. तुम्हीच त्यांच्यावर विश्वास ठेवला नाही.”

धाकटा पुढे आला आणि बापासमोर मान घालून उभा राहिला. बाबांनी फरशीवर डोळा लावून, मुलं गोट्या खेळताना बघतात तसं, पार दारापर्यंत बघितलं.

“एवढी मोठी जागा सपाट करणं सोपं नसतं,” ते म्हणाले. “गवंड्याचा हात चांगला आहे. आणि निवडणाऱ्याची नजरसुद्धा. पण गाढवा, एक वाक्य बोलला असतास तर तीन गाड्या वाचल्या असत्या.”

“चुकलो, बाबा.”

“मीही चुकलो. ठोकळे का लावतात ते तुला सांगायला हवं होतं.” ते उठले. उठताना धाकट्याच्या खांद्याचा आधार घेतला आणि तो लगेच सोडला नाही. मग दोन्ही बाह्या वर सारल्या. “बाई, तुमच्या गाडीला अर्धा तास द्याल?”

“मोठ्या वर्कशॉपवाल्यांनी तीन दिवस मागितले होते,” नर्सबाई म्हणाल्या. “मी बसते.”

६

ठोकळे निघाले. इंजिन सुरू झालं आणि मंद गुणगुणत राहिलं. बाबांनी खालून गिअरबॉक्सच्या पोटाला तळहात लावला, आजाऱ्याच्या कपाळाला लावावा तसा, आणि वाट बघितली. थोरली शेजारी खड्ड्यात उभी होती. पलीकडे धाकटा, आज त्यालाही खाली बोलावलं होतं.

“कोमट झालं,” बाबा म्हणाले. “बघ, हात लाव. असं. हे लक्षात ठेव. आता बूच सोड.”

धाकट्यानं बूच सोडलं. काहीच आलं नाही. एक थेंबही नाही. तिघांनी एकमेकांकडे बघितलं. आता सांगायला कोणी उरलं नव्हतं, लोखंडानंच साक्ष दिली होती.

पंप चालू झाला. नर्सबाईंच्याच डब्यातलं तेल, डाळिंबाच्या दाण्यासारखं लाल, वर चढत राहिलं. डबा हलका होत गेला. माप अर्ध्या लिटरवर आलं आणि बुचाच्या तोंडाशी एक थेंब जमला, लोंबला, पडला.

“आवळ,” बाबा आणि थोरली एकदमच म्हणाले.

टेकडीकडे नर्सबाई स्वतः गाडी चालवत गेल्या. बाबा त्यांच्या शेजारी, भावंडं मागे. चढ सुरू झाला तसे बाबांनी डोळे मिटले आणि कान दिले. पहिला गिअर. दुसरा. मोठ्या वळणावर गाडी झुकली आणि तशीच, एका श्वासात, वर निघाली. काल जिथे नर्सबाई गाडी सोडून पायी गेल्या होत्या ते झाड मागे पडलं. वरच्या घराच्या ओट्यावर एक म्हातारे आजोबा उभे होते. गाडी बघून त्यांनी काठी उंच केली.

“लोण्यासारखी,” नर्सबाई म्हणाल्या.

बाबांनी डोळे उघडले. “बाई, उद्या इथे आलात की पुन्हा एकदा कान देऊन ऐका. आणि त्या दुसऱ्या दोन गाड्यांना उद्या सकाळी मी स्वतः जाऊन घेऊन येतो. सांगतो मालकांना, काम अर्धं राहिलंय.”

परतल्यावर पाटी लागली. धाकटा शिडीवर, तोंडात खिळे. काकांनी रस्त्यापलीकडून सूचनांचा मारा चालवला होता, त्यातली एकही कोणी ऐकत नव्हतं. उतरत्या उन्हात आईची अक्षरं पुन्हा निळ्यावर पांढरी झाली. शेवटचा खिळा ठोकून धाकट्यानं वरून विचारलं, “झालं? सरळ आहे ना?”

“एकदम सरळ,” काका ओरडले.

“सरळ आहे,” थोरलीही म्हणाली. तिच्या नजरेला ती सरळच दिसत होती.

बाबा रस्त्याच्या मधोमध उभे होते. हात कोपरापर्यंत काळे. त्यांनी एक डोळा मिटला, मग दुसरा, मग दोन्ही उघडून बघितलं.

“डावीकडून अर्धं बोट खाली आहे.”

“काहीतरीच बाबा! मी मोजून लावलीये.”

“पाणसळ लावून बघ.”

गवंड्याची पाणसळ घमेल्यातच राहिली होती. थोरलीनं ती वर दिली. धाकट्यानं पाटीच्या कडेवर ठेवली आणि काचेच्या नळीतला बुडबुडा सावकाश, अगदी सावकाश, उजवीकडे सरकला आणि तिथेच थांबला.

खिळा उपटून त्यानं पाटीची डावी बाजू अर्धं बोट वर घेतली. बुडबुडा मध्ये आला.

बाबांनी एकवार त्या पाटीकडे बघितलं, मग स्वतःच्या हातांकडे, आणि आत जाता जाता म्हणाले, “ते ठोकळे टाकून देऊ नका रे. फळीवर ठेवा. आणि ते का होते, ते त्यांच्यावर खडूनं लिहा.”